ऐनाच्या फांदीवर ठेवलेलं पागोटं

देवीनं सांगितलं म्हणून मारली, असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चौथीत होते, आणि तो माझा सख्खा काका होता. त्यानंतर असं म्हणणारे आणखी पुष्कळ झाले. कुणी बायकोला मारलं, कुणी आईला, कुणी शेजारणीच्या तान्ह्या पोराला. पेपरात तसलं काही आलं की घरातली पोरं मला वाचून दाखवतात आणि विचारतात, "आजी, देव खरंच असं सांगतो असं वाटतं का गं त्यांना?" त्यांना वाटतं म्हातारीला देवाधर्माचं जास्त कळत असेल. मला देवाचं फारसं कळत नाही. पण असं म्हणणाऱ्या माणसाचं कळतं, कारण त्याच्या अंगणात मी वाढले.

आमची वाडी शिवथरच्या खोऱ्यात. तीन भाऊ, तीन घरं, मधे एक अंगण. थोरला काका घर धरून होता. माझे वडील मधले, ते मुंबईला गिरणीत होते आणि शिमग्याला, गणपतीला येत. धाकटा काका गोदीत कामाला होता. तो तिकडेच तापानं गेला. त्याची बायको, माझी धाकटी काकी, तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरची असेल. मूलबाळ नव्हतं. माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथे भाऊ होते, पण त्यांच्या बायकांनी एकदा आठ दिवस ठेवून घेतली आणि नवव्या दिवशी तिचं बोचकं दारात आणून ठेवलं. त्यामुळे तिला जायला दुसरी जागा नव्हती. वाडी हीच तिची जागा.

भावांच्या वाटण्या धाकटा काका जिवंत असतानाच झाल्या होत्या. चिठ्ठी टाकून झाल्या, आणि नदीलगतचं खाचर धाकट्याला गेलं. आमच्या इकडे डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायची आणि भाताचं खाचर म्हणजे सोन्याचा तुकडा. त्यातही या खाचराला पाण्याची तूट नव्हती. पाऊस दसऱ्याआधी पळाला तरी ते पिकायचं. धाकटा काका गेला आणि ते खाचर काकी कसायला लागली. चिखलणीला बैल आईच्या गोठ्यातले न्यायची, बदल्यात आमच्या लावणीला राबायची. थोरल्या काकाला हे बघवत नव्हतं. त्यानं थोरल्या काकीच्या तोंडून निरोप दिले, माझ्या आईच्या तोंडून दिले. "खाचर मी कसतो, ती बसून खाऊ दे." काकी आईला सांगायची, "वयनी, बसून खाणारीला उद्या उठवायला सोपा जाता. मी उभ्यानं खाईन."

हे ती त्याला स्वतः सांगू शकत नव्हती. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर बोलत नसे. तो अंगणात आला की तिनं आत जायचं, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पदर पुढे ओढून उभं राहायचं. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्यानं तिचं तोंड नीट पाहिलं होतं की नाही कुणास ठाऊक.

थोरल्या काकाला गावात मान होता. शिमग्याला देवीची पालखी निघे तेव्हा पहिला खांदा त्याचा. तो मान आमच्या घराण्याकडे बापजाद्यांपासून आलेला. पालखी खांद्यावर आली की माणूस बदलायचा. एरवी बैलाला शिव्या देणारा हा माणूस डोळे मिटून नाचायचा, आणि आम्ही पोरं त्याच्याकडे तोंड वासून बघत राहायचो.

मग एका पावसाळ्यात त्याच्या गोठ्यातला रेडा मेला. दिवाळीच्या सुमाराला गाभण गाय मेली. त्या वर्षी खोऱ्यात पुष्कळांची गुरं मेली. आमचाही एक बैल गेला. पण थोरल्या काकीनं पाणवठ्यावर सुरू केलं, "आमच्याच दारात कशी गो मेली? एका अंगणात निपुत्रिक बाई बसली हाय, तिची नजर काय चांगली असंल?" चेटूक हा शब्द कुणी उच्चारला नाही. तो उच्चारायची गरजच नसते. काकी पाण्याला आली की बायका कळशा उचलून बाजूला व्हायला लागल्या, एवढ्यावरून तिला कळलं.

आता कौलाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे अडल्या गोष्टीचा निकाल देवीला विचारतात. गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर देवीचं हो. डावीकडची पडली तर नाही. पण ते सगळं उघड्यावर. गुरव हवा, चार माणसं हवीत, आणि प्रश्न मोठ्यानं विचारायचा, म्हणजे कुणाला नंतर पलटी मारता येत नाही. थोरल्या काकानं काय केलं, तर गुरव नसताना एकट्यानं देवळात जाऊन पाकळ्या लावल्या. प्रश्न मनात विचारला. उत्तरही त्यानं एकट्यानंच पाहिलं. आणि येऊन सांगितलं, उजवा पडला. किती वेळा लावल्यावर उजवा पडला ते देवी जाणे आणि तो जाणे. गुरव चिडला होता म्हणतात, पण मानकऱ्याला कोण बोलणार? गप्प बसला. मला वाटतं, त्या दिवशी गुरवानं तोंड उघडलं असतं तर पुढचं झालं नसतं.

माघ संपत आला होता. त्या दिवसांत आमच्याकडे राबासाठी कवळ तोडतात, म्हणजे झाडांच्या फांद्या छाटून वाळवायच्या आणि नंतर जिथे भाताचं रोप करायचं त्या जागेवर जाळायच्या. ज्याच्या त्याच्या कमरेला कोयती असते, बाईच्यासुद्धा. त्यामुळे कोयती घेऊन माळावर निघालेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. तो महाडच्या बाजाराचा दिवस होता. पुरुष बाजाराला गेले होते. थोरला काका मात्र गेला नाही, पोटात दुखतं म्हणाला. काकी माळावर एकटीच कवळ तोडत होती, आणि आईनं मला तिची भाकरी घेऊन पाठवलं.

मला आधी पागोटं दिसलं. काकाचं लाल पागोटं, शिमग्यासाठी नवं आणलेलं. ते एका छाटलेल्या ऐनाच्या फांदीवर नीट ठेवलेलं होतं, पीळ सुटू नये अशा बेतानं. मला वाटलं काका झाडावर चढलाय. मी वरसुद्धा पाहिलं. तेवढ्यात काकीची किंकाळी आली.

सगळं लिहिणार नाही. काकी खाली बसली होती, डावा हात पोटाशी घट्ट धरून, आणि तिचं लुगडं पुढून भिजत होतं. वार मानेवर येत होता, तिनं हात मधे घातला, म्हणून ती वाचली. काका तिच्यासमोर उभा होता. त्यानं मला पाहिलं. मी हललेच नाही, हातात भाकरीचं फडकं तसंच. मग तो माझ्या अंगावरून गेला, ऐनाजवळ गेला, कोयती पाल्याला पुसली, पागोटं उचललं आणि डोक्यावर बसवलं. दोन्ही हातांनी नीट बसवलं. आणि मग म्हणाला, "देवीनं सांगितला तसा केला मी."

आधी पागोटं, मग देवी. हा क्रम मी आजवर विसरले नाही.

मी ओरडत खाली पळाले. बायकाच होत्या वाडीत. आईनं आणि गुरवाच्या बायकोनं काकीचा हात फडक्यानं आवळून बांधला, कांबळ्याची झोळी करून तिला बिरवाडीच्या वाटेला लावलं, तिथून बैलगाडीतून महाडच्या दवाखान्यात. वाटेत बाजारातनं परतणारे पुरुष भेटले त्यांनी झोळीला खांदा दिला. हात राहिला, पण त्यातली तीन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. काकाला पोलिसांनी दुसऱ्या दिवशी नेलं. तो शांतपणे गेला. वाटेत भेटेल त्याला हात जोडून सांगत होता, "देवीचा हुकूम होता बाबा, माझा काय हाय यात?" आणि भेटणारे त्याला हात जोडत होते! ज्या माणसानं भावाच्या विधवेवर कोयती चालवली त्याला, रस्त्यात उभे राहून, हात जोडत होते. ते आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

मी आईला पागोट्याचं सांगितलं. आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. "कोणाला बोलू नको. थोरल्या घरावर काय कमी वेळ आली हाय?" मी म्हटलं, "पण त्यानं आधी पागोटा काढून ठेवला व्हता." आईनं एक चापट दिली. राग माझ्यावर नव्हता, कुणावर काढायचा ते तिला सुचत नव्हतं.

काकी दवाखान्यातून परत आली ती सरळ आमच्या घरात, कारण तिच्या घराच्या दाराला कुणीतरी बिब्बे आणि काळी बाहुली बांधून ठेवली होती. वाडीत आता उलटंच सुरू झालं होतं. ज्यानं मारली तो तुरुंगात, पण वाईट ठरली ती. देवीनं उगीच का सांगितलं असेल, असं जो तो म्हणे. देवी काय खोटं बोलेल? मग खोटी कोण, तर ही. थोरल्या काकीचा मोठा मुलगा महाडच्या एका वकिलाला भेटून आला होता. वकिलानं सांगितलं, याच्या अंगात देव येतो, त्या भरात झालं, असं गावानं एकमुखानं सांगितलं तर बचाव होईल. झालं. थोरलं घर कामाला लागलं. आणि गावालाही ते हवंच होतं, हे मला मोठेपणी कळलं. पालखीचा पहिला खांदा ज्याचा, तोच खुनशी निघाला तर आजवरची पालखी विटाळली म्हणायची. देवीनं सांगितलं असं ठरलं की पालखी स्वच्छ, गाव स्वच्छ, फक्त एक विधवा बाई घाण. तेवढी वाडीबाहेर काढली की संपलं. एवढा स्वस्त सौदा कोण सोडील?

काकीला हे कळत होतं. गावानं तसं सांगितलं तर ती कायमची चेटकीण. मग तिच्या खाचरात कुणी बैल घालणार नाही, तिच्या हातचं कुणी पाणी पिणार नाही, आणि माहेरी तर दार बंदच होतं. ती आईला म्हणाली, "वयनी, हात गेला त्याचा काय नाय. पण ह्यांनी हा देवीच्या नावावर घातला तर मी जिती मेले."

शिमग्याला वडील आले. मुंबईहून आलेले सगळेच देवळासमोरच्या पटांगणात जमले होते. ठरलं असं, की गावानं साक्ष द्यायची की नाही ते देवीलाच विचारू. कौल लावू. देवीनं हुकूम केला होता काय? उजवा पडला तर सगळ्यांनी तसं सांगायचं. वडील तोवर घरच्या ओसरीवर डोकं धरून बसलेले. मी त्यांच्याजवळ गेले. आई घरात होती म्हणून बोलले. पागोट्याचं सांगितलं. त्यांनी डोकं वर केलं. मग विचारलं, "नीट ठेवलेला व्हता?" मी म्हटलं, "पीळ मोडू नये असा."

वडील उठले आणि पटांगणाकडे निघाले. त्यांना कळलं होतं, कारण पालखीचा दुसरा खांदा त्यांचा. अंगात येतं तेव्हा काय होतं ते त्यांनी दर वर्षी हातभर अंतरावरून पाहिलेलं. अंगात आलं की पागोटं पहिलं उडतं, धोतर सुटतं, माणूस दगडावर आपटतो तरी त्याला भान नसतं. अंगात आलेला माणूस नवं पागोटं रक्तानं भरेल म्हणून बाजूला ठेवत नाही.

पटांगणात पुरुष पुढे, बायका देवळाच्या पायरीखाली. गुरवानं तांब्यात पाकळ्या भिजत घातल्या. तेवढ्यात काकी आली. आईनं तिला दंडाला धरलं होतं. हात गळ्यात अडकवलेला. बायका मागे सरल्या, आणि ती सरळ त्यांच्यामधून पायरीवर चढली. विधवेनं शिमग्याच्या दिवसांत पालखीसमोर यायचं नसतं. कुणीतरी पुरुषांतून ओरडलं, "अगो, खाली हो!"

ती खाली उतरली नाही. तिनं पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. माझ्या आयुष्यात मी तिला चार माणसांत बोलताना पहिल्यांदा ऐकत होते.

"गुरवबुवा, लावा कौल. मी नको म्हणत नाय. देवीला विचारा. पण आधी एक ठरवा. देवीनं माझ्यावर कोयती चालवायला सांगितली ती कशासाठी? मी त्या खाचरावर नको म्हणून ना? मग खाचर देवीला हवा असंल. उजवा पडला तर माझ्या वाटणीचा खाचर आजपासून देवीचा. गावानं कसायचा, भात देवीच्या नैवेद्याला. आमच्या घरातल्या कोणी त्या बांधावर पाय ठेवायचा नाय, माझ्या थोरल्या जावेच्या पोरांनीसुद्धा नाय. मी जाईन, वाट फुटंल तिकडे जाईन. आणि डावा पडला तर खाचर माझा, आणि कोयती भावोजींची."

एक म्हातारा म्हणाला, "बाईला असा देता येतो काय?" दुसरा म्हणाला, "देवीला दिलेला परत मागायला कोणाची छाती हाय?" आणि ते खरंच होतं. एकदा देवीचं झालेलं शेत कोण परत घेणार?

माझं लक्ष थोरल्या काकीकडे होतं. इतके दिवस ती हात जोडून, डोळे पुसत, देवीचा हुकूम, देवीचा हुकूम, असं घरोघर सांगत फिरली होती. आता तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिनं मुलाकडे पाहिलं. मुलानं तिच्याकडे पाहिलं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगो, देवीचा न् खाचराचा काय संबंध?"



गुरवानं तांब्यातला हात बाहेर काढला. ओली बोटं धोतराला पुसली. सावकाश पुसली. म्हणाला, "खाचराचा संबंध नाय, तर कोयतीचा तरी काय गो? मग मी पाकळ्या लावू कशाला?"

मागे कुणीतरी फसकन हसलं. मुंबईहून आलेला एक जण म्हणाला, "पॉइंट बरोबर हाय बुवाचा." थोरल्या काकीनं "तसा नाय, तसा नाय" करायला सुरुवात केली, पण तिला काय तसं नाही ते सांगता येईना. देवीनं हुकूम केला म्हणावं तर खाचर देवीला जातं. नाही म्हणावं तर नवरा तुरुंगात जातो. मग माझे वडील उठले. ते फार बोलणारे नव्हते. एवढंच म्हणाले, "माझ्या भावाच्या अंगात पालखी सोडून कधी आलेला मी बघितला नाय. आणि पालखीत त्याचा पागोटा कधी डोक्यावर राहिलेला बघितला नाय. साक्षीला कोणी गेला तर मीपण जाईन, आणि एवढाच सांगेन."

कौल लावलाच नाही त्या दिवशी. पाकळ्या तांब्यातच राहिल्या, गुरवानं त्या संध्याकाळी तुळशीत ओतल्या. अलिबागला खटला चालला, तिथे गावातून कुणीही जाऊन देवीचं नाव घेतलं नाही. काकाला शिक्षा झाली. वडील त्या रात्री जेवले नाहीत, भाऊ तो भाऊच, पण त्यांनी दिलेला शब्द मागे घेतला नाही. काकी आपल्या घरी राहायला गेली, दारावरची बाहुली तिनं स्वतः चुलीत घातली. पावसाळ्यात तिनं खाचर लावलं. उजव्या हातानं लावायची, डाव्या कोपराच्या बेचक्यात रोपाची मूठ धरायची. पहिल्या वर्षी बायका लांब उभ्या होत्या. दुसऱ्या वर्षी दोघी तिघी बरोबर उतरल्या.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी एवढी चिडले नसते.

काका शिक्षा भोगून परत आला. केस पांढरे, दाढी वाढलेली, गळ्यात माळ. तोवर माझं लग्न होऊन मी नाते गावाला गेले होते, माहेरी आले की बघायची. तो ओटीवर बसलेला असायचा आणि अजून तेच म्हणायचा, "देवीनं सांगितला व्हता." पण आता त्याचं म्हणणं निराळं झालं होतं. आधी तो ते सुटायला म्हणत होता. आता सुटून आला होता, आता खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं, तरी म्हणत होता. मी पुष्कळ विचार केला याचा. तुरुंगात इतकी वर्षं बसून तो रोज तेच स्वतःला सांगत राहिला असणार. मी भावाच्या बायकोवर खाचरापायी कोयती चालवली, असं रोज स्वतःला सांगत कोण जगेल? देवीनं सांगितलं म्हटलं की माणूस आपल्यातून बाजूला होतो. हात माझा होता, मन तिचं. अशी सोय दुसरी नाही. पोरं विचारतात ना, त्यांना खरंच वाटतं का? वाटतं. नंतर वाटायला लागतं. पण आधी पागोटं काढून ठेवलेलं असतं, हे कुणी विसरू नये.

आणि लोक! नव्या पिढीतल्यांना काय ठाऊक नव्हतं असं नाही. पण दूरच्या गावांतून बायका त्याच्याकडे यायला लागल्या. ज्याला देवीनं प्रत्यक्ष हुकूम केला तो माणूस! कुणाचं मूल आजारी, कुणाची गाय आटली. त्याच्यासमोर नारळ ठेवायच्या, पाया पडायच्या. मला त्या बायकांचा राग काकाहून जास्त येतो. एकीनंही विचारलं नाही की बाबा, तुझ्या देवीनं तुला कधी आपलं काही दुसऱ्याला देऊन टाक असं का नाही सांगितलं? दर वेळी घ्यायलाच का सांगते? आणि दर वेळी अशाच माणसाकडून का, ज्याच्या पाठीशी कुणी नाही? फौजदाराच्या मानेवर वार कर असा हुकूम देवीनं खोऱ्यात कुणाला केल्याचं मी ऐकलेलं नाही. एवढी वर्षं जगले, देवाचा हुकूम म्हणून मार खाल्लेल्यांत मला बाई दिसली, पोर दिसलं, म्हातारं दिसलं, परका भिकारी दिसला. अंगानं दांडगा, चार भावांचा असा एकही दिसला नाही. देवाला माणसं निवडता येतात म्हणायची!

काकीनं मात्र विचारलं. भातकापणीच्या दिवसांत मी माहेरी होते, तेव्हा पाहिलं. ती खाचराकडे निघाली होती, उजव्या हातात विळा. थोरल्या घराच्या ओटीसमोर दोन परगावच्या बायका नारळ घेऊन बसल्या होत्या. काकी थांबली. पदर डोक्यावर होता, पण आता तोंडावर नव्हता. एकदा गावासमोर बोलल्यावर तिनं तो पुढे ओढणं सोडून दिलं होतं.

"भावोजी," ती म्हणाली, "आज काय म्हणते देवी? पागोटा काढून ठेवायला सांगते, की डोक्यावरच असू द्या म्हणते?"

त्या दोन बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काका उठला, खांबाला धरून उठला, आणि आत गेला. ती वाट बघत तिथे उभी राहिली नाही. खाचरात भात पिवळं झालं होतं, दुपारच्या आत अर्धं कापायचं होतं. मला म्हणाली, "चल गो, बघत काय ऱ्हायलीस? दोन हात जास्त असले की लवकर होता."

मी पदर खोचला आणि तिच्या मागोमाग बांधावरून खाली उतरले.